दूरचा प्रकाश आणि जवळचें जातें

गेल्या महिन्यांत हिंजवडीस पुतण्याच्या घरीं मुक्काम होता. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें लाटव्हियाचे संगीतकार पेटेरिस वास्क्स यांची एक रचना ऐकविली. थोड्या वेळानें आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांत सम कुठें यायची?" प्रश्न रास्त होता. वाचकांपैकीं पुष्कळांना तो पडेल, म्हणून आज त्याच रचनेविषयीं लिहितों.

वास्क्स यांचा जन्म १९४६ सालचा, एका धर्मोपदेशकाच्या घरांतला. त्यांचा देश तेव्हां सोव्हिएट अमलाखालीं होता. तो १९९१ मध्यें मुक्त झाला. 'दूरचा प्रकाश' ही व्हायोलिन व तंतुवाद्यवृंद यांसाठींची रचना त्यांनीं १९९६-९७ मध्यें, रीगा शहरांतच जन्मलेले वादक गिडॉन क्रेमर यांच्याकरितां केली. ती सुमारें अर्धा तास अखंड चालते. आरंभीं एकटें व्हायोलिन अतितार स्वरांत, जवळजवळ शांततेंतूनच उमटतें. मग सुरावट सावकाश उलगडूं लागते व तिच्याखालीं वृंदाचे लांब स्वर पसरतात. मधून लोकनृत्याची लय येते. तीन वेळां व्हायोलिन एकटेंच बोलतें. एके ठिकाणीं तर सारा वृंद असा उसळतो कीं अंगावर कांटा यावा. शेवट पुन्हां शांततेंत होतो. येथें सम शोधणाराची निराशा होईल. परंतु तालावांचून चालणारा आलाप ज्याच्या कानास ठाऊक आहे, त्याला वाट सांपडेल.

वास्क्स यांच्या सुरावटींस लोकगीतांचें वळण आहे. लाटव्हियांत 'दायना' नांवाचीं लहान, बहुधा चारच चरणांचीं गीतें घरोघर गाइलीं जात. क्रिश्यानिस बारोन्स यांनीं तीं दोन लाखांहून अधिक गोळा करून १८९४ ते १९१५ या काळांत प्रसिद्ध केलीं.

हें सांगतांना मला आपल्या ओवीची आठवण झाली. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं जात्यावरच्या एक लाखांवर ओव्या जमविल्या. त्यांत हिंजवडी ज्या तालुक्यांत येते, त्या मुळशींतील बायकांच्याहि ओव्या आहेत. अशा धुनींतून राग कसा उमलतो, हें कुमार गंधर्वांनीं देवासला माळव्याचीं गीतें ऐकून 'धुनउगम' रागांनीं दाखवूनच दिलें आहे.

बोलतां बोलतां वहिनींनीं आपल्या आईच्या तोंडची एक ओवी गुणगुणली. पुतण्या तिशी ओलांडलेला. पण ती त्यानें कधीं ऐकलीच नव्हती. लाटव्हियाचे सूर त्याच्यापर्यंत पोंचले, आजीचे मात्र पोंचले नाहींत. दोष त्याचा नव्हे. आम्हीं वडील मंडळींनींच ते कधीं त्याच्या कानीं घातले नाहींत.

वाचकांच्या घरीं एखादी आजी किंवा आत्या असेल, तर तिला आज रात्रींच विचारावें, आणि शब्दांबरोबर तिची चालहि जपून ठेवावी.