डिस्क दिसत नाही? आधी हात आवरा

लग्नाचं शूटिंग, वडिलांच्या साठीशांतीचे फोटो, मुलांची गॅदरिंगं, डीटीपीवाल्याकडच्या श्रीलिपीतल्या जुन्या फायली, सोसायटीची इतिवृत्तं. अशा कितीतरी गोष्टींची एकुलती एक प्रत आज तळहाताएवढ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असते. एक दिवस ती कॉम्प्युटरला लावावी तर काहीच होत नाही. ‘धिस पीसी’मध्ये सी आहे, डी आहे, आपली डिस्क नाही. किंवा पडद्यावर एक चौकट येते: ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क इन ड्राइव्ह ई बिफोर यू कॅन यूज इट.’ खाली दोन बटणं, ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’.

माझी हात जोडून विनंती आहे, त्या वेळी ‘कॅन्सल’ दाबा. बाकीचं सगळं नंतर.

सहज वाचल्या असत्या अशा डिस्क घरच्या घरी केलेल्या उपायांनी जातात, याचं फार वाईट वाटतं. कुणी घाईत फॉरमॅट मारतं, कुणी व्हिडिओ बघून विंडोजचा दुरुस्ती-प्रोग्रॅम चेकडिस्क चालवतं, कुणी खटखट वाजणारी डिस्क रात्रभर तशीच लावून ठेवतं. डिस्क न दिसण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच अगदी किरकोळ असतात. म्हणून उपाय करताना क्रम पाळायचा. ज्यानं काहीच बिघडू शकत नाही ते आधी. ज्यानं डिस्कवर काही लिहिलं जातं ते सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो जाणकाराच्या हातून.

त्या चौकटीचा अर्थ एवढाच, की समोर डिस्क आहे हे विंडोजला कळतंय, पण तिच्यावरची फायलींची मांडणी वाचता येत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी आतली पानं जागेवर असतात, तसंच हे. क्विक फॉरमॅट नवी कोरी अनुक्रमणिका लावतो. जुना मजकूर बराचसा खाली तसाच राहतो, म्हणून त्यानंतरही फोटो पुष्कळदा परत मिळतात. नावं आणि फोल्डर मात्र विस्कटतात. पण ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहितात. त्यानंतर डेटा परत मिळवणाऱ्या कोणत्याही लॅबला काही परत आणता येत नाही. डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवाली, असेल तर क्विक फॉरमॅटसुद्धा तितकाच घातक ठरू शकतो. ‘ही जागा आता रिकामी आहे’ असा निरोप कॉम्प्युटर एसएसडीला देतो, त्याला ट्रिम म्हणतात, आणि एसएसडी ती जागा आपली आपण साफ करून टाकते.

आता वायरकडे वळू. हा भाग लोक फार लवकर सोडून देतात. पोर्टेबल डिस्कच्या कडेला पाहिलंत तर बहुतेक जुन्या मॉडेलांना रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली, दोन भागांची जागा दिसेल. ही मायक्रो-बी पिन. फार नाजूक असते. वायर लावलेलीच डिस्क बॅगेत कोंबायची सवय असेल, तर ही पिन हळूहळू सैल होते. मग डिस्कचा दिवा लागतो, आत फिरल्याचा हलका आवाजही येतो, पण डेटाच्या तारा टेकत नाहीत आणि कॉम्प्युटरला काही कळत नाही. वायर किंचित वाकवली की डिस्क दिसते, सोडली की जाते, असं झालं तर दोष कुठं आहे ते समजून जा आणि वाकवत बसू नका. कॉपी चालू असताना संपर्क तुटला, तर चांगल्या डिस्कची मांडणीही बिघडते.

दुसरी वायर लावून बघा. तशी रुंद पिनची वायर घरात नसेल, तर आणखी एक सोय आहे. त्या रुंद जागेचा मोठा भाग म्हणजे जुन्या अँड्रॉइड फोनला लागायची तीच मायक्रो यूएसबी. फोनची वायर तिथं बसते. वेग यूएसबी २.० चा, म्हणजे बराच कमी मिळतो, पण डिस्क दिसते की नाही हे कळतं. वायर डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त वायरींमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

मग वीज. छोटी, अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्कला जास्त ओढ लागते, आणि त्याच वेळी कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह लटकवलेल्या हबवर ती असेल तर अर्ध्यातच दम सोडते. म्हणून हब काढा, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं, थेट मदरबोर्डचं पोर्ट वापरा. टेबलावर ठेवायच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला साधारण १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो. तो अशक्त झाला की दिवा लागतो पण डिस्क फिरत नाही. इथं एक धोका आहे. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरची पिन कधी कधी त्यात नेमकी बसते, आणि तो बहुधा १९ व्होल्टचा असतो. लावला तर डिस्कचं सर्किट जळू शकतं. अॅडॉप्टरवरचं आणि डिस्कवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय काहीही जोडू नका.

एवढं करून शेजारच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथं दिसली तर बहुधा डिस्क बरी आहे, प्रश्न तुमच्या मशीनचा आहे. मग आधी महत्त्वाचं सगळं कॉपी करून घ्या आणि नंतर निवांत कारण शोधा.

तरीही दिसत नसेल, तर विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ही खिडकी नुसती उघडून बघण्यात काही धोका नाही. खाली आडव्या पट्ट्या दिसतात: ‘डिस्क ०’ म्हणजे बहुधा कॉम्प्युटरची स्वतःची, ‘डिस्क १’ किंवा ‘२’ म्हणजे आपली. आकारावरून ओळखा. एक टीबीची डिस्क तिथं ९३१ जीबी दिसते, त्यात काही कमी झालेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी. आपल्या पट्टीवर ‘हेल्दी’ लिहिलंय, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असंही दिसतंय, पण ई, एफ असं अक्षर नाही, तर खूश व्हा. फायलींची मांडणी शाबूत आहे, फक्त डिस्कला अक्षर मिळालेलं नाही, किंवा ते आधीच दुसऱ्या कशानं घेतलंय. पट्टीवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, आणि एखादं रिकामं अक्षर द्या. ‘ऑफलाइन’ असेल तर डावीकडच्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा.

एनटीएफएस किंवा एक्सफॅटच्या जागी ‘रॉ’, म्हणजे मांडणी वाचता येत नाही, असं दिसलं तर हात मागे घ्या. ‘अनॅलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसलं, आणि डिस्क नवी कोरी नसून भरलेली होती, तरी हात मागे घ्या. खिडकी उघडल्या उघडल्या ‘इनिशियलाइज डिस्क’ची चौकट येते आणि माणूस ओके दाबून मोकळा होतो. नवी डिस्क असती तर तेच बरोबर होतं. जुन्या डिस्कवर मात्र ते केलं की पार्टिशनच्या नोंदीवर नवी नोंद लिहिली जाते.

मुळात दोष काहीच नसतो, असाही एक प्रसंग फार वेळा येतो. अमेरिकेत असलेल्या मुलानं नातवाचे फोटो मॅकवरून भरून डिस्क पाठवलेली असते. ती मॅकच्या एपीएफएस किंवा जुन्या एचएफएस प्लस पद्धतीनं तयार केलेली असेल, तर विंडोजला ती वाचताच येत नाही आणि ते सरळ फॉरमॅट करू का असं विचारू शकतं. आजीआजोबा विश्वासानं ‘हो’ म्हणतात. अशी डिस्क कुणाच्या तरी मॅकवर लावा, सगळं जसंच्या तसं दिसेल. टीव्हीचंही असंच. काही स्मार्ट टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क लावली की ती स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट करू पाहतात. फोटोंची डिस्क टीव्हीला लावाल तेव्हा प्रत्येक प्रश्न वाचूनच उत्तर द्या. मॅकवर डिस्क दिसत नसेल तर फाइंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्टर्नल डिस्क्स’समोर खूण आहे ना ते पाहा, मग डिस्क युटिलिटी उघडा. नीट इजेक्ट न करता ओढून काढलेली एक्सफॅट डिस्क मॅक आधी मुकाट्यानं तपासत बसतो. डिस्क मोठी असेल तर बराच वेळ जातो. थांबा, परत परत उपसू नका.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून भरलेली डिस्क बिटलॉकरनं बंद असू शकते. तिला पासवर्ड, किंवा तो आठवत नसेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे सापडते. पासवर्डही नाही आणि कीही कुठंच नाही, तर आतला डेटा कुणालाही मिळत नाही.

आता आवाज. खोलीतला पंखा बंद करून डिस्क कानाजवळ धरा. मंद, एकसारखी घरघर असेल तर ठीक. टक्‌, टक्‌, टक्‌ असा ठरावीक अंतरानं ठोका, खरवडल्यासारखा आवाज किंवा फिरायला जाऊन थांबल्यासारखी गुणगुण आली, तर त्याच क्षणी सुरक्षितपणे वायर काढा आणि पुन्हा लावू नका. पुन्हा एकदा बघू, असंही नको. आत चकत्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. धुळीचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हेड बिघडून चकतीला लागलं, तर पृष्ठभागावरचा चुंबकीय थरच घासला जातो आणि त्याच थरात तुमचे फोटो असतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, टेबलावर आपटा, झाकण उघडून हेड हातानं सोडवा, असले सल्ले कुणीही दिले तरी ऐकू नका. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, आपल्या पावसाळ्यात तर हमखास.

आवाज नसेल आणि डिस्क ‘रॉ’ असेल, तर चेकडिस्क चालवण्याआधी प्रत काढायची. चेकडिस्कचं काम मांडणी दुरुस्त करणं आहे, तुमचा डेटा वाचवणं नव्हे. दुरुस्तीच्या भरात ते नोंदी बदलतं, तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरांत टाकतं. आजारी डिस्कवर तर तासन्‌तास चालून तिला थकवतं. जाणकार माणूस आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनानं पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करतो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे मोफत प्रोग्रॅम चांगले आहेत. वापरायचे तर एक नियम मोडू नका: सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर उतरवायच्या नाहीत.

दुकानात जाल, लॅमिंग्टन रोडला असो की पुण्यात बुधवार पेठेत, तर पहिलं वाक्य हे बोला: ‘मला डिस्क नको, डेटा हवाय.’ ‘चालू करून देतो’ म्हणणारा दुकानदार प्रामाणिकपणेच डिस्क फॉरमॅट करून चालू करून देतो. विचारल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही, हे पावतीवर लिहून घ्या. तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर किती, हे आधीच ठरवा. डिस्कच्या मागचा सिरियल नंबर मोबाईलवर टिपून ठेवा. वॉरंटी बाकी असेल तरी आशेवर राहू नका; साधी वॉरंटी डिस्कची असते, आतल्या डेटाची नसते. बदलून मिळालेली डिस्क कोरी असते.

खर्चाचा आणि मनस्तापाचा खरा बंदोबस्त मात्र डिस्क दिसत असतानाच करता येतो. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला हिशेब सोपा आहे: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरात एक डिस्क, बहिणीकडे दुसरी, आणि अगदी निवडक फोटो क्लाउडवर, एवढं कुणालाही जमतं. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, निवडक फोटोंना ती पुष्कळ होते. फोटोग्राफरनं दिलेली लग्नाची डिस्क हीसुद्धा एकच प्रत आहे, हे लक्षात ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडी निवडू नका; वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो. फिरत्या डिस्कही वर्षातून एकदोनदा काढून, लावून, काही फायली उघडून बघा.

तुमच्या डिस्कवरच्या फोटोंची दुसरी प्रत कुठंही नसेल, तर येत्या रविवारी एक नवी डिस्क आणा आणि ती प्रत करून घ्या.