रंगाला डिग्री नसते!

गेल्या महिन्यात आमच्या बदलापूरच्या पुतणीचा एक मार्क गेला. मार्क जाणं आमच्या घराण्याला नवीन नाही. मी स्वतः गणितात असे कैक मार्क धारातीर्थी पाडलेले आहेत. परंतु हा गेला तो इंग्रजीत, आणि पोरीचं बरोबर असताना. अंबरनाथच्या शिवरात्रीच्या जत्रेवर तिने निबंध लिहिला होता. माझी ओढणी ताईच्या ओढणीपेक्षा लाल होती, हे सांगायला तिने 'रेडर' हा शब्द वापरला. सरांनी त्यावर फुली मारून समासात लिहिलं, 'रंगाला डिग्री नसते.'

"काका, तुम्ही येऊन सांगा ना सरांना!" असा फोन आला. कचेरीत तीस वर्षं इंग्रजी मसुदे खरडल्यामुळे नात्यागोत्यात मला इंग्रजीतला जाणकार समजतात. ते मसुदे साहेब पुन्हा लिहीत असत, ही गोष्ट मी घरी कधी बोललेलो नाही.

सरांचं म्हणणं पुतणीने फोनवरच ऐकवलं. रंग एकतर असतो किंवा नसतो. मेलेल्या माणसाहून अधिक मेलेला माणूस असतो का? तसंच लालचं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण ज्याने बायकोबरोबर उल्हासनगरला जाऊन ब्लाऊजपीस घेतलेला नाही, त्यालाच हे सुचू शकतं!

फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या सिंधी मंडळींनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत संसार मांडले आणि 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या कापडवाल्यापुढे आमची ही साडीचा पदर पसरते आणि म्हणते, "थोडा डार्क." तो ठाणावर ठाण टाकतो. "ये डार्क है, भाभी. ये उससे डार्क. और सबसे डार्क गोडाऊन में है." पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह, पैकी तिसरं आणायला पोऱ्या धावलेलासुद्धा असतो. चिंतामणी रंगावर मात्र दोघांची जुंपते. हिच्या मते तो निळ्याकडे झुकलेला, त्याच्या मते हिरव्याकडे. इथे इंग्रजीत 'मोअर' हवाच, कारण एकाच कापडातल्या दोन रंगांची झुंज लावायची असते: 'मोअर ब्लू दॅन ग्रीन'. ऑरेंज, पर्पल असल्या लांबलचक नावांनाही 'मोअर'च शोभतो. पण रेड, ब्लॅक, ग्रीन, व्हाइट ही एका दमात म्हणायची नावं. त्यांना 'अर' आणि 'एस्ट' बिनदिक्कत लागतात. ज्या 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणावर आपल्या पिढ्यान् पिढ्या नापास झाल्या, त्यात शेवटचं अक्षर डबल करण्याच्या नियमाला खुद्द 'रेड, रेडर, रेडेस्ट' हेच उदाहरण दिलेलं आहे.

तरीही आणखी पुरावा असावा म्हणून मी आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराकडे चक्कर मारली. 1060 सालचं, काळ्या पाषाणाचं देऊळ. नुकतीच सर येऊन गेली होती. भिजलेला दगड कोरड्या दगडाहून काळा दिसत होता, आणि पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं तर तिथे त्याहून काळं. शेजारून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिला जेवढे रंग दाखवले, तेवढे उल्हासनगरच्या कापडवाल्याकडेही नसतील. रंगाला डिग्री असते की नाही, हे तिला विचारा!

मराठीची तऱ्हा निराळी. काळाभोर, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक. पत्रिका जुळवावी तसा प्रत्येक रंगाचा जोडीदार ठरलेला. 'हिरवाधमक' म्हणून पाहा, जीभ अडखळते. पण काळाभोर व्हायला शेजारी कोणी कमी काळा असावा लागत नाही. 'रेडर'ला मात्र दुसरा कोणीतरी लागतोच.

रविवारी पुस्तक काखोटीला मारून, पुतणीला घेऊन सरांच्या घरी गेलो. चहा झाला. सरांनी पान पाहिलं, उलटून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तक फार जुनं आहे." एवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती मोबाईल घेऊन बाहेर आल्या. मुलासाठी मुली पाहणं चालू होतं. सरांनी चष्मा सावरला. "ही कळव्याची बरी आहे. ठाण्याची हिच्यापेक्षा उजळ आहे. पण सगळ्यांत गोरी ती डोंबिवलीची."

"सर," मी म्हटलं, "रंगाला डिग्री नसते ना?"

सर गप्प. मुलाच्या रंगाची चौकशी अर्थातच कोणी केली नव्हती. लाल ओढणी जरा अधिक लाल म्हटली तर व्याकरण बुडतं, आणि पोरींच्या चेहऱ्यांवर मात्र तिन्ही डिग्र्या दिवसाढवळ्या चालतात! 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने पंचेचाळीस वर्षं दुसरं काय विकलं? ट्यूबमध्ये भरलेला कम्पॅरेटिव्हच. 2020 साली 'फेअर'चं 'ग्लो' झालं, पण स्थळं पाहणाऱ्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. जिची ओढणी कमी लाल होती, त्या आमच्या ताईला वर्षभरात दोन ठिकाणांहून 'फोटोपेक्षा सावळी आहे' म्हणून नकार आला. तेव्हा मला रेन आठवला नाही की मार्टिन. "तुमची मर्जी" म्हणून मी फोन ठेवला होता.

सरांनी चष्मा काढून पुसला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अर्धा मार्क देता येईल."

पुतणीने लगेच वही पुढे केली. फुलीखाली बारीक अक्षरात अर्धा मार्क चढला. शाई तीच होती. मोबाईल मात्र वहिनींनी टीपॉयवर पालथा घालून ठेवला होता.