शिकारीला कुणासोबत जायचं?

परवा रात्री अकराच्या सुमारास टेक्सासहून पुतण्याचा फोन आला. "काका, रागावणार नसाल तर एक विचारू का?" अशी सुरुवात झाली की मी सावध होतो. एक तर पैसे हवे असतात, नाहीतर लग्न मोडलेलं असतं. यावेळी दोन्ही नव्हतं. त्याच्या ऑफिसातले तिघे पुढच्या वर्षी आफ्रिकेत शिकारीला निघाले आहेत आणि हाही जाणार आहे. सिंह, हत्ती वगैरे काही नाही. माळरानावरची जनावरं, म्हणजे कुडू, इम्पाला, गेम्सबॉक, रानडुकराच्या जातीतला वॉर्टहॉग. तिकडे याला 'प्लेन्स गेम' म्हणतात. आता त्याला आउटफिटर निवडायचा होता. शिकारीची जमीन, परवाने, गाडी, मुक्काम, मागकाढे, सगळी व्यवस्था करून देणारा तो आउटफिटर.

"मला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं.

"आबांचे नातू ना तुम्ही!" पठ्ठ्याने बरोबर जागी बाण मारला.

आबांकडे बारा बोअरची बंदूक होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती त्यांनी पोलीस ठाण्यात का जमा केली, हे मात्र फार जणांना माहीत नाही. सांगतो पुढे.

आधी थोडा इतिहास, कारण हा धंदा आपल्याला वाटतो तितका परका नाही. ब्रिटिशांच्या काळात आणि नंतरही वीसेक वर्षं जंगलखातं शिकारीचे 'ब्लॉक' ठराविक दिवसांसाठी भाड्याने द्यायचं. कोणतं जनावर, किती, हे परवान्यावर लिहिलेलं असायचं. परदेशी पाहुण्यांसाठी ही व्यवस्था करणाऱ्या कंपन्या होत्या. त्यातली गाजलेली ॲल्विन कूपर आपल्या नागपूरचीच. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल ती चालवत. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि हे दुकान बंद झालं. झालं ते चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पुतण्याला 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं का? जिभेवर आलं होतं. पण मी कोंबडी खाणारा माणूस. शिवाय तिकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने कुंपणातल्या रानजनावरांवर जमीनमालकाचा हक्क मान्य झाला. हजारो शेतकऱ्यांनी गुरं कमी करून हरणं पाळली. नामिबियात १९९६ पासून गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांचा हक्क मिळू लागला. आज तिथे ऐंशीहून जास्त गावसंस्था आहेत. शिकारीचे पैसे आणि मांस त्यांना मिळतं, म्हणून त्यांना जनावर जिवंत असण्यात रस आहे. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली, तरी पुढच्या चाळीस वर्षांत तिथली जनावरं खूपच घटली. याचा अर्थ शिकार हेच औषध असा नाही. अर्थ एवढाच की बंदी घातली की काम संपलं, असं नसतं.

हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमचं चार एकर शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला आहे. हरभरा घाट्यावर आला की रोही येतात. दहा-बाराचा कळप एका रात्रीत जे खातो त्यापेक्षा जास्त तुडवतो. जागलीला जाणारा माणूस थंडीत मचाणावर बसून डबा वाजवत राहतो. २०१५ साली राज्य सरकारने रोही आणि रानडुकराच्या पारधीची परवानगी देण्याची पद्धत सोपी केली. पण परवानगी मिळाली तरी मारणार कोण? परवान्याची बंदूक किती घरांत आहे? आणि चालवता किती जणांना येते?

आता गंमत बघा. आपला हाच रोही, म्हणजे नीलगाय, साधारण शंभर वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या किंग रँचवर नेऊन सोडला. आज दक्षिण टेक्सासमध्ये त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे आणि एक नर मारायला लोक हजारो डॉलर मोजतात. हे मी आमच्या शेतातल्या दादाराव गड्याला सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, पैसे देऊन मारतात? मंग त्याईले इकडंच धाडा ना. आपुन त्याईले जेवाले बी घालू."

हसलो दोघंही. पण तसं होत नाही. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात बाहेरून बंदूकवाले बोलावून दोनशेहून जास्त रोही मारले. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांची, जाहीर जुंपली. पीक गेलेल्याचं दुःख खरं आणि मेलेल्या जनावराचंही खरं. मधे बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस कोण आहे, यावर बरंच काही ठरतं. आणि पुतण्याचा प्रश्न नेमका तोच होता.

म्हणून मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. घरातल्या बाकीच्यांनाही कळू दे की काकाने पोराला बिघडवलं नाही.

पहिलं, कागद. दक्षिण आफ्रिकेत परदेशी माणसाला परवानाधारक आउटफिटरशी लेखी करार करावा लागतो आणि सोबत नोंदणीकृत व्यावसायिक शिकारी असावा लागतो. नामिबियातही शिकारी मार्गदर्शकांचे दर्जे ठरलेले आहेत. परवान्याचा क्रमांक मागायचा. जो 'त्याची काळजी तुम्ही करू नका' म्हणेल, त्याचीच काळजी करायची. २०१५ साली झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा, संशोधकांचा पट्टा घातलेला सिंह मारला गेला. मारणारा अमेरिकन डॉक्टर म्हणाला, कायद्याचं सगळं मी स्थानिक मार्गदर्शकांवर सोडलं होतं. हे वाक्य पुतण्याला उद्या म्हणायला लागू नये.

दुसरं, जमीन किती आणि कुंपण कसं. आपलं ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे २०,५०० हेक्टर. आउटफिटरची जमीन किती हेक्टर, ती त्याची स्वतःची की भाड्याची, जनावरं तिथेच जन्मलेली की शिकारीच्या आठवड्याआधी ट्रकमधून आणून सोडलेली, हे विचारायचं. ट्रकमधून उतरवलेलं जनावर मारण्याला शिकार म्हणायचं तर खाटिकालाही शिकारी म्हणावं लागेल. निदान तो मांस विकतो.

तिसरं, पैसे. रोजचा दर वेगळा, प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी वेगळी, सोबत नुसत्या बघायला आलेल्या बायकोचा दर वेगळा. शिंगं-कातडी साफ करून पाठवायचा खर्च तर बहुतेकांना घरी आल्यावर कळतो. आपल्याकडे लग्नाच्या हॉलवाल्याकडून जसं सगळं आधी लिहून घेतो, तसं लिहून घ्यायचं. जो फार स्वस्त देतो तो कुठेतरी कापत असतो. बहुधा मागकाढ्याच्या मजुरीत.

चौथं, मांस कुठे जातं? गावात, मजुरांत, शाळेत, की नुसतं डोकं भिंतीवर? याचं उत्तर तयार नसेल तर फोन ठेवून द्यायचा.

आणि पाचवं, जखमी जनावराचं काय करता?

तिकडे बहुतेक ठिकाणी नियम असा आहे की रक्ताचा थेंब दिसला की जनावर तुमचं. सापडो न सापडो, पूर्ण पैसे द्यायचे. पण पैशाच्या पलीकडे विचारायचं. शोधता किती वेळ? कुत्री आहेत का? अंधार पडला तर सकाळी पुन्हा जाता का, की पुढचं जनावर दाखवता?

आता आबांचं सांगतो. १९६६ चा हिवाळा. मी नऊ वर्षांचा, हातात बॅटरी. बोथ्याच्या बाजूला संध्याकाळी आबांनी रोह्यावर गोळी झाडली. तो पडला, उठला आणि झाडीत गेला. उजेड संपत आलेला. आबा म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, जाणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी गुराख्याने निरोप आणला की नाल्यात रोही पडलाय, अजून मान हलवतोय. आबा गेले. मला नेलं नाही. परत आले ते बोलले नाहीत, जेवले नाहीत. आठवडाभरात बंदूक ठाण्यात जमा झाली. तेव्हा ना बंदी होती ना कुणी विचारणार होतं. परवाना चोख होता. पुढे पंधरा वर्षं जगले, पण रोह्याने आमचा अख्खा हरभरा खाल्ला तरी त्यांनी कधी शिवी दिली नाही.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तिकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं लाईन गेली.

माझं मत थोडक्यात एवढंच. आउटफिटर निवडताना लोक त्याच्या भिंतीवरची शिंगं बघतात, मारण्याची खात्री किती टक्के ते विचारतात. मी उलटं विचारीन. तू पाहुण्याला 'नाही' कधी म्हणालास? अंतर जास्त आहे, मादीसोबत पिल्लू आहे, उजेड गेला, तुझा नेम आज बरोबर नाही, उद्या ये. पैसे घेतलेल्या माणसाला असं सांगणारा भेटला तर त्याच्यासोबत जा. आबांना त्या संध्याकाळी 'आता झाडू नका' म्हणणारं कुणी नव्हतं. मी होतो, पण मी नऊ वर्षांचा होतो.

काल पुतण्याचा पुन्हा फोन आला. तीन आउटफिटरना त्याने हे प्रश्न पाठवले. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने सवलत देऊ केली. तिसऱ्याने उलट यालाच विचारलं, की तू आजवर किती गोळ्या झाडल्या आहेत, काठीच्या आधाराने दोनशे मीटरवर नेम लागतो का, आणि नसेल लागत तर सहा महिने सराव करून मग ये.

"काय करू?" म्हणाला.

म्हटलं, सराव कर. सहा महिन्यांनी जावंसं वाटलं नाही, तरी बिघडत नाही. आणि दिवाळीत इकडे ये, एक रात्र दादारावसोबत जागलीला बस.

येतो म्हणालाय. बघू.