सीमा जमिनीवर, धोका जमिनीखाली

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबाड कॅव्हर्न्स या चुनखडीच्या गुहांना संरक्षणाची कमतरता नाही. चिहुआहुआच्या वाळवंटातील या गुहांना १९२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा, १९३० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९५ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रश्न आहे तो हे संरक्षण जमिनीखाली कितपत पोहोचते, हा.

याचे मूळ गुहांच्या जन्मातच आहे. बहुतेक चुनखडी गुहा पावसाच्या पाण्यातील सौम्य आम्लामुळे घडतात. येथे मात्र लगतच्या पर्मियन खोऱ्यातील तेल व वायूच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वर झिरपला, प्राणवायूयुक्त भूजलाशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल तयार झाले आणि त्याने सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा सागरी चुनखडक पोखरला. ज्या तेल-वायूने या गुहा घडविल्या, त्याच्याच शोधात आज उद्यानाच्या परिसरात विहिरी खोदल्या जातात. पर्मियन खोरे हे अमेरिकेतील सर्वाधिक तेल देणारे क्षेत्र आहे.

१९८६ मध्ये उद्यानातील लेचुगिया गुहेचा खरा विस्तार उघड झाला. तिचे २४० किलोमीटरहून अधिक मार्ग आजवर नकाशावर आले असून ते काम संपलेले नाही. ज्या पोकळीचा नकाशाच अपुरा, तिच्याजवळ खोदकाम झाल्यास विषारी वा ज्वलनशील वायू भेगांतून गुहेत शिरण्याची भीती असते. म्हणूनच अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये लेचुगिया गुहा संरक्षण कायदा करून उद्यानालगतच्या जमिनीवर नवे खनिज भाडेपट्टे देण्यास मनाई केली. मात्र आधीचे वैध हक्क त्यातून वगळले आणि मनाईही ठरावीक पट्ट्यापुरतीच राहिली.

धोका केवळ बाहेरचा नाही. पर्यटक केंद्र गुहेच्या माथ्यावरच आहे. तेथून उद्वाहक सुमारे २३० मीटर खाली उतरतो. २०२४ मध्ये एका पर्यटकाने टाकलेल्या खाद्यपदार्थाच्या पाकिटामुळे गुहेत बुरशी वाढली आणि ती कर्मचाऱ्यांना काळजीपूर्वक काढावी लागली. एवढ्याशा कचऱ्याने जेथे समतोल ढळतो, तेथे वायुगळती काय करील, हे सांगावयास नको.

तेलावर या प्रदेशाचे अर्थकारण चालते, हे खरे. पण विहीर बंद करता येते. लक्षावधी वर्षांत घडलेली गुहा पुन्हा घडविता येत नाही. त्यामुळे संरक्षणाची सीमा नकाशावरील रेषेने नव्हे, तर खडकातील भेगांच्या दिशेने आखणे, हाच यावरचा मार्ग होय.