मुदतवाढीचा मोह आणि पांढुर्ण्याचा रुग्ण

सार्वजनिक कामाचा ठेका संपत आला की सरकारी कचेरीत एक ठराविक टिपण फिरू लागते. नवी निविदा काढण्यास अवधी उरलेला नाही, सेवा खंडित होणे लोकहिताचे नाही, सबब चालू ठेकेदारास आणखी काही महिन्यांची मुदतवाढ द्यावी! या टिपणातले प्रत्येक वाक्य खरे असते आणि तरीही सबंध टिपण खोटे असते. कारण ठेका कोणत्या दिवशी संपावयाचा हे तो दिला त्याच दिवशी कागदावर उतरलेले असते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या ठेक्यात हा खेळ एक वेळ खपून जाईल. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत तो खपवून घेता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राचे उदाहरण ताजे आहे. तेथे २६ जानेवारी २०१४ रोजी ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. पैकी २३३ गाड्या अद्ययावत जीवरक्षक साधनांच्या व ७०४ साध्या. गाडीत डॉक्टर असावा ही त्या योजनेची स्तुत्य अट होती. ठेका पाच वर्षांचा होता. तो २०१९ मध्ये संपला, पण संपला तो कागदावर. पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ होत राहिली, आणि नव्या ठेक्याचा आदेश निघावयास २०२४ साल उजाडले. त्यावरही आक्षेप आले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारात गेले. पाच वर्षांसाठी आखलेल्या व्यवस्थेवर दहा वर्षे रेटली गेली. मधल्या काळात वस्ती वाढली, रस्ते वाढले, अपघातही वाढले. करारातल्या गाड्यांचा आकडा मात्र जागचा हलला नाही. मुदतवाढ म्हणजे केवळ ठेकेदाराची सोय नव्हे. जुन्या चुकांनाही तीत पुन्हा आयुष्य मिळते.

आता आमच्या घरचे पाहू. मध्य प्रदेशात १०८ ची सेवा २००९ पासून आहे आणि २०२२ मध्ये तिचा ताफा नव्या ठेक्याखाली वाढविण्यात आला. हा ठेका भोपाळात होतो. आज ना उद्या त्याच्याही मुदतवाढीचे टिपण निघेलच. पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा व सौसर हे त्याचे तालुके. परंतु गाडी कोठे उभी राहावी आणि रुग्णाला कोठे न्यावे, हे प्रश्न अडीचशे किलोमीटरांवरच्या टेबलावर सुटावयाचे! म्हणून ते टिपण निघण्यापूर्वीच बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्याने हा मुलूख पायाखाली घातला आहे त्याला सांगावयास नको की येथला अत्यवस्थ रुग्ण नागपूरकडे जातो. सौसरहून छिंदवाड्याला जावयाचे तर सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. नागपूरचा रस्ता सपाट. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर, हमरस्त्यावर आणि रेल्वेवरही. १९५६ मध्ये राज्याची सीमा बदलली, पण नाते, बाजार आणि इस्पितळ यांची दिशा बदलली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. दरवर्षी शेकड्यांनी माणसे रक्तबंबाळ होतात. (ही प्रथा चालावी की नाही, यावर आम्ही वेगळे लिहू.) त्या दिवशी प्रशासन नदीकाठी रुग्णवाहिका उभ्या करते, आणि डोके किंवा डोळा गेलेल्या गंभीर जखमीला कोठे पाठविते? नागपूरला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खोकल्याच्या विषारी औषधाने छिंदवाडा व लगतच्या जिल्ह्यांत वीसहून अधिक बालके दगावली. छिंदवाड्यात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी मूत्रपिंडे निकामी झालेली ती लेकरे घेऊन आईबापांनी नागपूरच गाठले.

मग ठेक्यात हा नागपूरचा रस्ता स्पष्ट शब्दांत का नसावा?

या ठेक्याचे घड्याळ चालते कसे ते पाहण्याजोगे आहे. फोन लागल्यापासून गाडी रुग्णाच्या दाराशी पोचेपर्यंतचा वेळ मोजला जातो. दारापासून योग्य इस्पितळापर्यंतचा वेळ हिशेबात दुय्यम ठरतो. शहरात जवळचे इस्पितळ हेच बहुधा योग्य इस्पितळ असते, तेथे हे मोजमाप ठीक. आमच्याकडे जवळचे इस्पितळ ही पहिली पायरी असते आणि तेथून 'पुढे न्या' अशी चिठ्ठी मिळते. एक गाडी नागपूरला गेली की जाणे, रुग्ण सोपविणे व परतणे यांत निदान चार तास मोडतात. त्या चार तासांत दुसरी बाई अडली, दुसरा शेतकरी ट्रॅक्टरखाली सापडला, तर त्याने कोणाची वाट पाहावी?

सरकारी मोजमापही असेच. पाच लाख वस्तीमागे एक अद्ययावत जीवरक्षक गाडी आणि एक लाखामागे एक साधी, असा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा दंडक आहे. आमच्या जिल्ह्याची वस्ती पाच लाखांच्या आत. म्हणजे दंडकाने एक अखंड जीवरक्षक गाडीसुद्धा आमच्या वाट्यास येत नाही! माणसे मोजणारा हा हिशेब अंतर मोजीत नाही. शंभर किलोमीटर ज्याला जावयाचे आहे त्याला श्वसनयंत्राची गरज अधिक, हे समजावयास वैद्यकी शिकावी लागत नाही.

फोनचीही एक गोष्ट आहे. दोन्ही राज्यांचा क्रमांक १०८ च. सीमेवरच्या शिवारात पलीकडचा मनोरा लागला तर फोन भोपाळऐवजी पुण्यास जाऊ शकतो. आणि भोपाळला लागला तरी घाबरलेली म्हातारी मराठीत काय सांगते ते पलीकडच्यास कळले पाहिजे. मराठी जाणणारा माणूस त्या टेबलावर चोवीस तास असावा, ही मागणी भाषाभिमानाची नव्हे, जिवाची आहे.

कोणी म्हणेल, मुदतवाढ अडविली तर गाड्याच थांबतील. आम्ही अडवा असे म्हणत नाही. ती एकदाच, ठराविक महिन्यांची आणि नव्या अटींसह द्यावी. सौसर व पांढुर्णा येथे प्रत्येकी एक जीवरक्षक गाडी. एक नागपूरला गेली की दुसरी तिच्या जागी येण्याची सोय. राज्याबाहेरच्या फेरीचा खर्च करारातच धरलेला, रुग्णाच्या नातलगाकडे हात न पसरता. आणि चालक व सहायक यांचे वेतन महिन्याच्या महिन्यास. दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी फोन एकमेकांकडे वळविण्याचा लेखी करार करावा. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तातडीचे उपचार हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि पैशाची टंचाई ही सरकारची सबब होऊ शकत नाही. प्राथमिक केंद्रापासून मोठ्या इस्पितळापर्यंत वाहनाची सोय करावी, असेही त्यात म्हटले होते.

आमच्या आमदारांनी पुढल्या अधिवेशनात एवढेच विचारावे: ठेका कोणत्या तारखेस संपतो, नव्या निविदेचा मसुदा कोणत्या तारखेस निघणार, आणि त्यात नागपूर हा शब्द आहे की नाही. उत्तर आल्यास आम्ही ते याच जागी शब्दशः छापू.