साठ बाटल्यांतली एक

आमच्या तालुक्याच्या गावात एका सिनेनटाचे चाहते फार आहेत. नटाचे नाव मी लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्या नटाच्या चाहत्यांची पत्रे येऊन संपादकांच्या टेबलावर ढीग पडेल. दर एप्रिलमध्ये त्याच्या वाढदिवसाला एस.टी. स्टँडसमोर त्याचा पंचवीस फुटी कटआऊट उभा राहतो, त्यावर पिशव्या फोडून दूध ओततात, संध्याकाळी डीजे लागतो आणि सकाळी मंगल कार्यालयात रक्तदान शिबिर होते. दुधाची हळहळ वाटते, डीजेने माझ्या रक्तदाबाच्या रुग्णांची झोप उडते, पण शिबिराचे बोलावणे आले की मी आनंदाने जातो. परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे कॉलेजांतली शिबिरे थांबलेली असतात, रक्तपेढीचे फ्रिज रिकामे होऊ लागलेले असतात. अशा वेळी शंभर-दीडशे तरुण मुले हात पुढे करतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा वाचकहो, आजचा लेख चाहत्यांच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराची गोष्ट सांगतो. मी वजन आणि रक्तदाब पाहायला बसलो होतो. शेजारी रक्तपेढीच्या ताई मोरचुदाच्या निळ्या पाण्यात प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब सोडून तो बुडतो की तरंगतो हे पाहत होत्या. मुले रांगेत मोबाइलवर गेम खेळत उभी होती. फॉर्म मात्र एकाच्याही हातात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की मंडळाचा एक कार्यकर्ता कोपऱ्यात बसून सगळ्यांचे फॉर्म एकटाच भरतो आहे. कावीळ झाली होती का, नाही. वर्षभरात ऑपरेशन झाले का, नाही. गोंदवून घेतले का, नाही. एकाच पेनाने, एकाच अक्षरात साठ-सत्तर फॉर्म तयार! “डॉक्टरसाहेब, टाइम वाचतोय,” तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. मागे बॅनरवर ‘१५१ बाटल्यांचा संकल्प’ असे लिहिलेले होते आणि दात्याला एक इयरफोन भेट मिळणार होता.

त्या रांगेत बावीसेक वर्षांचा एक मुलगा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला. रक्तदाबाचा पट्टा बांधायला मी डावा हात मागितला, तर तो उजवाच पुढे करी. मला शंका आली. बाही वर केली तेव्हा कोपराखाली लाडक्या नटाचा चेहरा, त्याखाली नाव, आणि सगळ्यावर ताजी खपली. आठ दिवसांपूर्वी जत्रेतल्या टॅटूवाल्याकडून काढून घेतला होता.

“सुई नवी होती का रे?”

“माझ्या आधी चौघांचं झालं हुतं, साहेब. एकच सुई.”

मी त्याला म्हणालो, तू यंदा रक्त देऊ नकोस, वर्षभर थांब. त्याचा चेहरा पडला. “सगळी पोरं देणार अन् मी एकटाच खुर्चीत बसू व्हय? म्हणतील, सुईला भ्यालं.” एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, “डॉक्टर, एका बाटलीनं काय हुतंय? अन् रक्तपेढीवाले तपासत्यातच की सगळं.”

अध्यक्ष मनाने चांगले आहेत. पण त्यांच्या या दोन वाक्यांनी मला त्या दिवशी झोप लागली नाही.

आधी दुसरे वाक्य घेऊ. रक्तपेढीत प्रत्येक बाटली तपासतात हे खरेच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच गोष्टींची तपासणी झाल्याशिवाय रक्त बाहेर पडत नाही. परंतु विषाणू शरीरात शिरला त्याच दिवशी तो चाचणीत सापडत नाही. काही आठवडे असे जातात की माणूस ठणठणीत दिसतो, चाचणी निर्दोष येते आणि रक्तात विषाणू मात्र असतो. अलीकडे विषाणूचे जनुकद्रव्यच शोधून काढणारी ‘नॅट’ नावाची चाचणी आली आहे. तिच्यामुळे हा काळ बराच कमी झाला, पण शून्यावर आला नाही. शिवाय ती महाग असल्याने सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. म्हणजे यंत्राची नजर जिथे पोहोचत नाही तेवढ्या जागेत दात्याच्या खऱ्या उत्तरावाचून आपल्याकडे दुसरे काही नाही. म्हणून तर टॅटू, कान टोचणे यांनंतर बारा महिने रक्त घेऊ नये असा नियम आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुईवर, पात्यावर सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. जत्रेतल्या त्या एका सुईचा विचार करा. (आमच्या आज्यांची हिरवी गोंदणे मला फार सुंदर वाटत, पण तेव्हा त्यांचे रक्त कोणी बाटलीत भरून नेत नव्हते.)

आता पहिले वाक्य: एका बाटलीने काय होते?

१९८२ साली मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. २६ जुलैला बंगळूरला ‘कुली’ सिनेमाच्या शूटिंगमध्ये मारामारीचे दृश्य करताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार लागला. आतडे फाटले. तिथे ऑपरेशन झाले, मग मुंबईला ब्रीच कँडी रुग्णालयात आणले. २ ऑगस्टला तर ते गेल्यातच जमा होते. त्या दिवसाला ते आजही आपला दुसरा जन्मदिवस मानतात. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये रेडिओवर बातम्या लागल्या की ताटे तशीच राहत. मेसचे काका उपास करीत होते. रक्त द्यायला, नवस बोलायला, नुसते रुग्णालयाबाहेर उभे राहायला माणसांची रीघ लागली होती. आमच्यातले दोघे रक्त देतो म्हणून मुंबईच्या गाडीत बसायला निघाले होते, पैसे नसल्याने स्टेशनवरून परत आले.

अमिताभ वाचले. ‘कुली’ १९८३ च्या डिसेंबरात आला. ज्या ठोशाने इजा झाली त्या ठिकाणी पडद्यावरचे चित्र क्षणभर थांबवून तशी पाटी दाखवली होती. थिएटरात त्या क्षणी शिट्ट्या बंद होत. मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता, तेही बदलले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची मात्र फार थोड्यांना. त्या दुखण्यात सुमारे दोनशे दात्यांचे रक्त, जवळपास साठ बाटल्या, त्यांना द्याव्या लागल्या. त्यांतल्या एका दात्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. तो अमिताभ यांच्या शरीरात शिरला आणि गप्प बसून राहिला. ना कावीळ, ना ताप. ते सिनेमे करत राहिले, निवडणूक लढले, आणि अपघातानंतर साधारण अठरा वर्षांनी एका नेहमीच्या तपासणीत कळले की यकृताचा पंचाहत्तर टक्के भाग निकामी झाला आहे. हे कोणा गावगप्पा मारणाऱ्याने सांगितलेले नाही, त्यांनी स्वतः जाहीर कार्यक्रमांत सांगितले आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आग्नेय आशियासाठी हिपॅटायटिसचे सदिच्छादूत नेमले ते यामुळेच.

शास्त्राला हा विषाणू माहीत नव्हता असे नाही. ब्लुम्बर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला त्याची खूण एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात १९६० च्या दशकात सापडली होती, त्याबद्दल १९७६ साली नोबेलही मिळाले. पण प्रत्येक बाटलीला ती चाचणी लावण्याची शिस्त तेव्हा आपल्याकडे रुळलेली नव्हती. तो दाता कोण होता, चाहता होता की आणखी कोणी, हे मला ठाऊक नाही आणि शोधण्यात अर्थही नाही. त्या बिचाऱ्याला स्वतःला तरी कुठे माहीत असणार! त्याने प्रेमाने हात पुढे केला असेल.

मला खटकते ते असे. या नटाने कोणत्या सिनेमात कसला कोट घातला होता, कोणता संवाद कुठे म्हटला, हे मुलांना तोंडपाठ. त्याच्या यकृताचे काय झाले हे मी दवाखान्यात विचारले तर दहातल्या एकाला सांगता येत नाही. चाहत्याने आपल्या नटाची ही गोष्ट माहीत करून घेऊ नये?

आणि साठ बाटल्यांचे म्हणाल तर तेवढ्या बाटल्या मिळवायला मोठा नट व्हावे लागत नाही. थॅलेसेमिया झालेल्या मुलाच्या शरीरात टिकाऊ रक्त तयारच होत नाही, त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तीन आठवड्यांना एक बाटली धरली तर वर्षाला सतरा झाल्या, साडेतीन वर्षांत साठ. म्हणजे मूल बालवाडीत जाईपर्यंत ‘कुली’एवढ्या बाटल्या त्याच्या अंगात गेलेल्या असतात, आणि पुढे आयुष्यभर जायच्या असतात. माझ्याकडे येणारी अशी एक मुलगी आहे, तिसरीत शिकते. तिच्यासाठी रुग्णालयाबाहेर रीघ लागत नाही. तिची आई महिन्यातून दोनदा एस.टी.ने जिल्ह्याला जाते आणि बाटली शिल्लक असेल का या काळजीत खिडकीबाहेर पाहत बसते. आमच्या शिबिरातली बाटली बहुतेक वेळा अशाच कोणाला तरी लागते. कटआऊटवरच्या नटाला ती लागत नाही, हे अध्यक्षांना मी त्या दिवशी सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण इयरफोनचे खोके टेबलाखाली सरकवले.

भेटवस्तूंबद्दल माझे मत कडक आहे. हेल्मेट, थर्मास, इयरफोन यांच्या आशेने आलेला माणूस फॉर्मवर खरे लिहील याची खात्री कशी द्यायची? चहा-बिस्किटे द्यावीत, प्रमाणपत्र द्यावे, बस्स. बॅनरवरचा आकडाही काढून टाकावा. १५१ म्हटले की शेवटच्या दहा बाटल्यांसाठी कार्यकर्ते चौकातून माणसे ओढून आणतात, मग कोणाची कावीळ आणि कोणाचे वजन! आणि जो मुलगा खुर्चीत बसून राहील त्याला हसायचे नाही, हे अध्यक्षांनी माइकवरून सांगितले पाहिजे. फॉर्म ज्याचा त्यानेच, आडोशाला बसून भरावा. ज्याला मित्रांसमोर ‘नको’ म्हणता येत नाही त्याने नंतर रक्तपेढीला फोन करून ‘माझी बाटली वापरू नका’ एवढे सांगावे. कोणी कारण विचारत नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. एका दिवशी दीडशे बाटल्या गोळा झाल्या की लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स पाच दिवस. एप्रिलच्या बाटल्या पावसाळ्यातल्या बाळंतिणीला उपयोगी नाहीत. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मंडळात एकशे साठ मुले असली तर चाळीस-चाळीसचे चार गट करून दर महिन्याला एका गटाने द्यावे. प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येते आणि रक्तपेढीला बारा महिने रक्त मिळते. पोस्टर कमी छापावे लागेल, एवढाच तोटा.

चाहते ऐकत नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी पुनीत राजकुमार यांचे उदाहरण देतो. २९ ऑक्टोबर २०२१ ला हा कन्नड नट हृदयविकाराने गेला, वय अवघे शेहेचाळीस. त्याचे वडील राजकुमार २००६ साली गेले तेव्हा त्यांचे नेत्रदान झाले होते, मुलाचेही केले. बंगळूरच्या डॉक्टरांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे पुढचा आणि मागचा असे थर वेगळे केले, त्यामुळे दोन डोळ्यांनी दोघांऐवजी चौघांना दिसू लागले. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे फॉर्म भरणाऱ्या चाहत्यांची झुंबड उडाली. २००६ साली वडिलांच्या अंत्ययात्रेच्या वेळी त्याच बंगळुरात दगडफेक आणि जाळपोळ झाली होती. माणसे तीच, प्रेमही तेच.

हिपॅटायटिस बीला लस आहे. नवजात बाळाला चोवीस तासांच्या आत आणि नंतर सहा, दहा, चौदा आठवड्यांना ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण देशभर ती राष्ट्रीय लसीकरणात आली २०११-१२ च्या सुमारास. म्हणजे आज विशीत असलेल्या बहुतेक मुलांना लहानपणी ती मिळालेली नाही. मोठ्यांनी तीन डोस घ्यायचे: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. टॅटू काढायची हौसच असेल तर आधी लस घ्या आणि सुई समोर फोडायला लावा.

तो पूर्ण बाह्यांचा मुलगा त्या दिवशी खुर्चीत बसून राहिला. मीही थोडा वेळ त्याच्या शेजारी बसलो, दोघांनी चहा घेतला. पोरे एक-दोनदा हसली, मग विसरली. पुढे त्याची तपासणी केली, ती निर्दोष निघाली. लसीचे तिन्ही डोसही त्याने माझ्याकडेच घेतले. गेल्या वर्षी मेमध्ये, वाढदिवस होऊन महिना झाल्यावर, तो एकटाच एस.टी.ने जिल्ह्याच्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आला आणि कार्ड दाखवायला दवाखान्यात आला. दुसऱ्या हातावरही त्याला काहीतरी काढायचे आहे. कोणत्या महिन्यात काढले तर रक्तदानाची किती पाळी चुकेल, याचा हिशेब माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन गेला.