पोटातली वस्ती आणि बाजारातली पुडी

दिवसभर रिकामे पोट, मगरिबनंतर भजी-समोसे, रात्री उशिरा जड जेवण आणि पहाटे पुन्हा सहरी. रमजानमध्ये पोट कुरकुरते ते बहुधा या क्रमामुळे. (साबुदाणा-वड्यांवर निभावणाऱ्या एकादशीची गत फारशी वेगळी नाही.) त्यावर उतारा म्हणून, आणि हल्ली काही त्रास नसतानाही, 'चांगल्या जिवाणूं'च्या पुड्या आणि कॅप्सूल घेतल्या जातात.

धडधाकट माणसाला त्यातून काय मिळते? कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी प्रौढांवरच्या ७ चाचण्या एकत्र तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. विष्ठेतील जिवाणूंच्या रचनेत ठळक बदल दिसला तो एकाच चाचणीत. पोटात आधीच वस्ती दाट असते. बाहेरचे जिवाणू आले तरी मुसाफिरासारखे निघून जातात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये थेट आतड्यातून नमुने घेतले, तेव्हा काहींच्या आतड्यात ते थोडे टिकले, काहींनी थाराच दिला नाही. त्याहून काळजीची बाब अशी, की अँटिबायोटिकनंतर ज्यांना प्रोबायोटिक दिले, त्यांची मूळ वस्ती परतायला काही न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अँटिबायोटिकच्या चिठ्ठीसोबत सरसकट ही पुडी सरकवण्याच्या प्रथेचा फेरविचार व्हायला हवा.

सगळेच प्रोबायोटिक थोतांड आहे, असे मुळीच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आणि काही ठराविक रुग्णांना विशिष्ट जातींचे जिवाणू उपयोगी पडतात. ते डॉक्टरांनी ठरवावे. घरखर्चात काटकसर करून निरोगी माणसाने दरमहा डबी विकत घेण्याला मात्र आधार दिसत नाही.

मग वैविध्य वाढते कशाने? स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांपैकी काहींना १० आठवडे दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ दिले, काहींना भरपूर चोथ्याचे अन्न. २०२१ च्या त्या अहवालात वैविध्य वाढले ते पहिल्या गटात. गंमत म्हणजे वाढलेले बहुतेक जिवाणू त्या पदार्थांतले नव्हतेच. अर्थात तिथे हे पदार्थ दिवसातून अनेकदा खाल्ले जात होते. चमचाभर दह्यावर तो हिशेब लावता येणार नाही.

आपल्याकडे इडली-डोशाचे पीठ आंबते खरे, पण आचेवर त्यातले जिवाणू मरतात. घरच्या विरजणाच्या ताकातले जिवंत असतात, आणि सहरी असो वा दुपारचे जेवण, त्यासाठी वेगळी डबी लागत नाही.